‘तुझे राज्य येवो’ कुठून आलं? इब्री संदेष्ट्यांपासून येशूच्या शिकवणीपर्यंत वाचत जाण्याची एक वाट

प्रभूची प्रार्थना मराठी ख्रिस्ती घरातलं मूल शाळेत जायच्या आधीच पाठ करतं. ‘तुझे राज्य येवो’ हे शब्द रोज तोंडातून जातात, आणि सवयीचे झाल्यामुळेच त्यांच्याबद्दल कोणी काही विचारत नाही. येशूच्या शिष्यांनी मात्र विचारलं होतं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ते त्याला विचारतात, की प्रभू, इस्राएलाचं राज्य तू आताच परत स्थापन करणार का? तीन वर्षं सोबत राहिलेल्या, आणि नंतरचे चाळीस दिवस फक्त देवाच्या राज्याविषयी ऐकत असलेल्या माणसांचा हा प्रश्न आहे. पुष्कळ प्रवचनांत त्यांना मंदबुद्धी ठरवलं जातं. मला ते पटत नाही. यशया, यहेज्केल, दानीएल वाचून मोठा झालेला माणूस हेच विचारणार. त्यांचा प्रश्न ज्याला योग्य वाटू लागला, त्याला संदेष्टे समजू लागले असं मी धरतो.

या लेखात त्या प्रश्नापर्यंत आणि तिथून पुढे जायची वाट पायरी पायरीने दाखवली आहे. ती ख्रिस्ती वाचकांसाठी आहे, तशीच ज्यांना हा धर्म बाहेरून समजून घ्यायचा आहे त्यांच्यासाठीही. हाताशी समांतर संदर्भ दिलेलं मराठी बायबल, एक वही आणि पेन्सिल एवढं असू द्या. घाई केली नाही तर सहा-सात संध्याकाळी लागतील.

पायरी पहिली: ‘राज्य’ या शब्दावर थांबा

आज ‘राज्य’ म्हटलं की डोळ्यांसमोर नकाशा येतो: महाराष्ट्र राज्य, कर्नाटक राज्य. पण आजी ‘इंग्रजांच्या राज्यात’ म्हणते तेव्हा तिला जमीन सांगायची नसते, कोणाचा अंमल होता ते सांगायचं असतं. ‘रामराज्य’ म्हणताना तर आपण कारभार कसा होता हेच बोलत असतो. इब्री ‘मलखूत’, अरामी ‘मलखूता’ आणि ग्रीक ‘बासिलेया’ हे तिन्ही शब्द या दुसऱ्या अर्थाकडे झुकलेले आहेत. देवाचं राज्य म्हणजे आधी देवाचं राज्य करणं. मुलूख आणि प्रजा त्यामागोमाग येतात. येशूची कथा सांगणाऱ्या चार सुवार्तांच्या लेखकांपैकी मत्तय तीसहून अधिक वेळा ‘स्वर्गाचे राज्य’ असं लिहितो. ते मेल्यावर जायचं वेगळं ठिकाण नव्हे. मार्क जिथे ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ म्हणतो, तिथेच मत्तय ‘स्वर्गाचे राज्य जवळ आले आहे’ म्हणतो. देवाचा थेट उल्लेख टाळायची ज्यू रीत त्यामागे असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात.

शक्य असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. पंडिता रमाबाईंनी उतारवयात इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या माणसाला कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून पूर्ण झालं. एकच वचन दोन तऱ्हांनी वाचलं की कुठला शब्द मूळचा आणि कुठला भाषांतरकाराने पदरचा घातलेला, याचा अंदाज येऊ लागतो.

पायरी दुसरी: कोण, कधी, कोणाशी बोलतोय ते लिहून काढा

‘संदेष्टा’ हा मराठी बायबलमधला शब्द मला फार नेमका वाटतो. संदेश आणणारा तो संदेष्टा. भविष्य सांगणारा ज्योतिषी वेगळा. इब्री ‘नवी’ हा देवाच्या वतीने बोलणारा माणूस, आणि तो बहुतेक वेळा समोरच्या राजाला आणि लोकांना त्यांच्या आजच्या वागणुकीबद्दल सुनावत असतो. पुढे काय होईल हे तो सांगतो ते या सुनावण्याचा भाग म्हणून.

वहीत उभी रेघ मारून काळ मांडा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस, होशेय, मीखा आणि यरुशलेमातला यशया. तेव्हा भीती अश्शूरची होती. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचं राज्य आणि त्याची राजधानी शोमरोन पडली. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सनहेरीब यरुशलेमाच्या वेशीपर्यंत आला. मग बाबेलचा काळ. यिर्मया यरुशलेमात राहिला, यहेज्केल बाबेलच्या बंदिवासात गेला, आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास (काही अभ्यासक ५८७ मानतात) नगर आणि मंदिर जळालं. यशयाच्या पुस्तकाचा चाळीसाव्या अध्यायापासूनचा भाग या बंदिवासातल्या लोकांशी बोलतो. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या कोरेशाने बाबेल घेतलं आणि लोकांना परत जायची मोकळीक मिळाली. हाग्गय, जखऱ्या, मलाखी हे परतलेल्यांचे संदेष्टे.

आता थोडं पुस्तकांच्या क्रमाकडे पाहा, कारण अर्ध्याहून अधिक गैरसमज तिथून सुरू होतात. ख्रिस्ती जुना करार मलाखीने संपतो: एलीया येईल, असं सांगून. पान उलटलं की मत्तय, आणि थोड्याच पानांत केसांच्या वस्त्रातला बाप्तिस्मा करणारा योहान. पुस्तकांची मांडणीच वाचकाला पुढे ढकलते. ज्यू तनाख, म्हणजे त्यांचं इब्री बायबल, मात्र साधारणपणे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने संपतो. तिथे कोरेशाची आज्ञा आहे: ज्याला जायचं असेल त्याने यरुशलेमास वर जावं. ग्रंथ बहुतांशी तेच, पण एकाचा शेवट येणाऱ्याची वाट पाहतो आणि दुसऱ्याचा शेवट घरी जायला सांगतो. शिवाय दानीएल तनाखमध्ये संदेष्ट्यांत नाहीच, तो ‘लेख’ या तिसऱ्या विभागात आहे. हा फरक मनात असू द्या, पाचव्या पायरीला तो लागेल.

आपल्या भाषेत या मांडणीला जुनी परंपरा आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा त्याचे दोन भाग केले. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांची कथा आणि दुसऱ्यात ख्रिस्ताची. ओवीच्या लयीत चारशे वर्षांपूर्वीच मराठी श्रोत्याला सांगून झालं होतं, की दुसरा भाग पहिल्यावाचून उभा राहत नाही.

पायरी तिसरी: घर आणि घराणं

२ शमुवेल, अध्याय ७ वाचा. दावीद राजा गादीवर स्थिर झाला आहे. तो म्हणतो, मी गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाचा कोश तंबूत. मी देवासाठी घर बांधतो. नाथान संदेष्टा निरोप आणतो तो उलटाच: तू माझं घर बांधणार नाहीस, मीच तुझं घर बांधीन. इब्रीत ‘बाइत’ म्हणजे घर, मंदिर आणि घराणं, तिन्ही. मराठीत ‘घर’ आणि ‘घराणं’ इतके जवळ आहेत की हा श्लेष आपल्याला न समजावता कळतो. तुझं घराणं आणि तुझं राज्य सर्वकाळ टिकेल, हे वचन तिथे दिलं जातं. पुढे ‘मशीहा’ या शब्दाभोवती जे काही गोळा झालं, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. मशीहा म्हणजे तेलाचा अभिषेक झालेला.

लगेच स्तोत्र ८९ काढा. हे मी प्रत्येकाला हट्टाने वाचायला लावतो. अर्ध्याहून अधिक स्तोत्र त्या वचनाची आठवण काढून आनंद करतं आणि मग एकदम वळतं: पण तू तर टाकून दिलंस, त्याचा मुकुट धुळीत मिळवलास, त्याचं सिंहासन उलथून टाकलंस. दिलेलं वचन आणि डोळ्यांसमोरचं उद्ध्वस्त नगर यांच्या मधल्या त्या फटीत सगळी आशा जन्मली आहे. यिर्मया नीतिमान ‘अंकुरा’बद्दल बोलतो, यशया इशायाच्या, म्हणजे दावीदाच्या बापाच्या, बुंध्यातून फुटणाऱ्या धुमाऱ्याबद्दल. झाड तोडलं गेलं आहे हे मान्य करूनच धुमाऱ्याची गोष्ट करता येते.

पायरी चौथी: डोंगरावरून धावत येणारा माणूस

संपूर्ण विषयासाठी एकच वचन निवडायला सांगितलं तर मी यशया ५२:७ निवडीन. ‘देवाचं राज्य’ हे शब्द जोडून जुन्या करारात फारच थोड्या ठिकाणी सापडतात; तिथे बहुधा क्रियापद असतं, देव राज्य करतो. स्तोत्र ९३ आणि ९६ ते ९९ यांत हाच घोष आहे. यशया ५२ मध्ये तो घोष बातमी होऊन येतो.

चित्र डोळ्यांसमोर आणा. यरुशलेम ओसाड आहे, तटावर पहारेकरी आहेत. दूरच्या डोंगरावरून एक निरोप्या धावत येताना दिसतो. त्याचे पाय सुंदर आहेत असं कवी म्हणतो, कारण पायांच्या गतीवरूनच बातमी चांगली असल्याचं कळतं. शांती, कल्याण, तारण असे शब्द एकामागून एक येतात आणि शेवटी सियोनेला, म्हणजे यरुशलेमाला, सांगायची बातमी तीन-चार शब्दांत: तुझा देव राज्य करतो. पुढच्या वचनात पहारेकरी ओरडतात, कारण परमेश्वर सियोनेत परत येताना त्यांना डोळ्यांनी दिसतो. मग पडक्या भिंतीच गाऊ लागतात.

इथे यहेज्केल आठवला पाहिजे. त्याच्या दहाव्या-अकराव्या अध्यायांत देवाचं तेज मंदिर सोडून निघून जातं. लोक बाबेलहून परतले, इ.स.पू. ५१५ च्या सुमारास दुसरं मंदिर उभं राहिलं, पण शलमोनाच्या काळी ढगाने मंदिर भरून गेलं होतं तसं काही घडल्याची नोंद बायबलमध्ये नाही. लोक घरी आले होते, राजा यायचा राहिला होता. मलाखी म्हणतो, ज्या प्रभूला तुम्ही शोधता तो आपल्या मंदिरात एकाएकी येईल.

आता मार्क उघडा. त्याची पहिली काही वाक्यं मलाखी ३:१ आणि यशया ४०:३ यांना एकत्र शिवतात, आणि मार्क त्या सगळ्यालाच ‘यशया’ म्हणतो. १:१५ मध्ये येशूचे पहिले शब्द येतात: काळाची पूर्णता झाली आहे, देवाचं राज्य जवळ आलं आहे, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. ‘राज्य’ आणि ‘सुवार्ता’ हे दोन शब्द शेजारी शेजारी कुठून आले? डोंगरावरून धावत येणाऱ्या त्या माणसाकडून. यशयाच्या ग्रीक भाषांतरात सुवार्ता सांगण्यासाठी आलेलं क्रियापद आणि मार्कचा ‘सुवार्ता’ शब्द एकाच कुळातले आहेत. सभास्थानांतल्या अरामी भाषांतरात, म्हणजे तारगुमात, ‘तुझा देव राज्य करतो’ या वाक्याचं ‘तुझ्या देवाचं राज्य प्रगट झालं आहे’ असं झालेलं दिसतं. हे तारगुम आज मिळतं त्या रूपात येशूनंतर स्थिरावलं, तरी क्रियापदाचं नाम कसं झालं हे त्यात स्पष्ट पाहायला मिळतं.

वहीत एक गोष्ट ठळक लिहा. यशया ५२:७ पासून अवघ्या सहा वचनांवर, ५२:१३ ला, दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत सुरू होतं. अध्यायांचे आकडे नंतर घातले गेले म्हणून आपण त्याला ‘त्रेपन्नावा अध्याय’ म्हणून वेगळं काढतो. राजा आल्याची बातमी आणि तुडवल्या गेलेल्या सेवकाचं गीत एकाच श्वासात आहेत. ख्रिस्ती शिकवणीत राज्य आणि क्रूस वेगळे करता येत नाहीत, ते याच जोडणीमुळे. सेवक कोण यावर ज्यू वाचन वेगळं आहे, आणि त्याला ग्रंथात भक्कम आधार आहे: ४१:८ आणि ४९:३ मध्ये सेवकाला सरळ ‘इस्राएल’ म्हटलं आहे. कृत्ये ८ मधला कूशी अधिकारी फिलिप्पाला रथात बसून हेच विचारतो, संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? प्रश्न पहिल्या शतकातही मोकळाच होता.

पायरी पाचवी: दानीएलाचा सातवा अध्याय, हळू

आधी दुसरा अध्याय चटकन वाचून घ्या. राजाच्या स्वप्नात एक पुतळा आहे: सोन्याचं डोकं, रुप्याची छाती, पितळेचं पोट, लोखंडी पाय, पावलांत लोखंड आणि माती. हात न लावता सुटलेला दगड पुतळ्याचा चुरा करतो आणि स्वतः डोंगर होऊन पृथ्वी व्यापतो. मग सातव्यावर या. दोन्ही अध्याय पुस्तकाच्या अरामी भागात आहेत आणि एकमेकांना आरशासारखे समोरासमोर उभे आहेत.

समुद्रातून चार श्वापदं वर येतात: पंख असलेला सिंह, दातांत फासळ्या धरलेलं अस्वल, चार डोक्यांचा चित्ता, आणि नाव नसलेलं, लोखंडी दातांचं चौथं. त्याच्या दहा शिंगांमध्ये एक लहान शिंग फुटतं, मोठ्या गोष्टी बोलणारं. मग आसनं मांडली जातात, पुराणपुरुष, म्हणजे देव, बसतो, आणि आकाशातल्या मेघांसह कोणी ‘मनुष्याच्या पुत्रासारखा’ येतो. त्याला प्रभुत्व, वैभव आणि राज्य दिलं जातं.

तीन गोष्टी सावकाश पाहा. पहिली: साम्राज्यं जनावरांसारखी आहेत आणि देवाने दिलेलं राज्य माणसासारखं. अरामी ‘बर एनाश’ म्हणजे साधा माणूस. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली होती, ती इथे पुन्हा जागेवर बसते. दुसरी: तो येतो तो कुठे? पुराणपुरुषाकडे. या दृश्यात ढगांवरून पृथ्वीवर उतरणं नाही, सिंहासनासमोर नेलं जाणं आहे. हे लक्षात न घेता सुवार्तांमधली ‘मेघांवरून येणे’ ही वचनं वाचली तर एक महत्त्वाची छटा हरवते. तिसरी: याच अध्यायाच्या १८, २२ आणि २७ या वचनांत राज्य ‘परात्पराच्या पवित्र जनांना’ दिलं जातं. मग तो मनुष्यपुत्र एक व्यक्ती, की छळलेल्या लोकांचं प्रतीक? ज्यू परंपरेत दोन्ही वाचनं आहेत. राजा आपल्या लोकांना स्वतःत सामावून उभा असतो हे ज्याला कळतं, त्याला दोन्हींत भांडण लावावं लागत नाही.

बहुतेक अभ्यासक लहान शिंगात ग्रीक वंशाचा राजा अंतियोख चौथा एपिफनीस ओळखतात. त्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. मंदिराचं शुद्धीकरण १६४ मध्ये झालं, आणि ज्यू घरांत हनुक्का साजरा होतो तो त्याचीच आठवण म्हणून. पण शिंग मोडलं तरी श्वापदं संपली नाहीत, रोम आलं. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या ‘चौथा एज्रा’ या ज्यू ग्रंथात चौथं श्वापद नव्याने, रोमच्या अंगाने समजावून दिलं जातं. जुन्या संदेशाचा नव्या संकटात पुन्हा अर्थ लावणं हे ख्रिस्ती लोकांनी शोधून काढलेलं नाही. दानीएल स्वतः नवव्या अध्यायात यिर्मयाची सत्तर वर्षं घेऊन बसतो आणि त्यांची सत्तर ‘सप्तकं’ होतात. इब्री ग्रंथाच्या आतच ही रीत आहे.

आता मार्क १०:३५ ते ४५. याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूकडे वैभवात उजव्या-डाव्या हाताची आसनं मागतात. दानीएलातलीच ती आसनं. येशूचं उत्तर: मनुष्याचा पुत्र सेवा करून घ्यायला नाही, सेवा करायला आणि पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला आहे. दानीएल ७:१४ मध्ये सर्व राष्ट्रं त्याची सेवा करतात. इथे तो वाक्य उलटवतो आणि ‘पुष्कळांसाठी’ या शब्दाने यशयाच्या सेवकाला मनुष्यपुत्राच्या शेजारी नव्हे, त्याच्या जागीच आणून ठेवतो. पाच अध्यायांनंतर त्याच्या उजवीकडे आणि डावीकडे दोन लुटारू आहेत, आणि डोक्यावर पाटी: यहूद्यांचा राजा. १४:६२ मध्ये प्रमुख याजकासमोर तो दानीएल ७ आणि स्तोत्र ११० एकाच वाक्यात जोडतो, आणि त्या वाक्यावरच त्याला मरणाची शिक्षा ठरते. ही दोन वचनं समोरासमोर ठेवून मी कितीदा बसलो असेन, आणि दरवेळी वाचणं थांबवावं लागतं.

पायरी सहावी: येशू कुठे थांबतो, कुठे बदलतो

उद्धरण जुळलं की आपण समाधानाने पुढे जातो. त्याऐवजी कुठे जुळत नाही ते शोधा.

लूक ४ मध्ये नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडतो, ६१ वा अध्याय: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका. मध्येच ५८:६ मधली ठेचलेल्यांना मोकळं करण्याची ओळ त्यात आली आहे. आणि ‘परमेश्वराच्या कृपेचं वर्ष’ इथवर आल्यावर तो गुंडाळी बंद करतो. यशयाचं वाक्य तिथे संपत नाही. पुढे आहे ‘आणि आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’. ते त्याने वाचलं नाही. मग तो सीदोनेतली सारफथची विधवा आणि अरामी नामान यांची गोष्ट काढतो, म्हणजे परक्यांवर झालेल्या कृपेची, आणि गावकरी त्याला ढकलून द्यायला कड्यावर नेतात.

दुसरं उदाहरण मोहरीच्या दाखल्याचं, ज्यात येशू देवाच्या राज्याला मोहरीच्या दाण्याची उपमा देतो. यहेज्केल १७ मध्ये देव गंधसरूचा कोवळा शेंडा उंच डोंगरावर लावतो आणि सगळे पक्षी त्याच्या सावलीला येतात. दानीएल ४ मध्ये बाबेलचा राजा असंच आभाळाला टेकणारं झाड आहे. येशू पक्षी ठेवतो, सावली देते ती फांदीही ठेवतो, पण झाड बदलतो. लबानोनच्या गंधसरूच्या जागी घरामागच्या वाफ्यातली मोहरी. फोडणीत रोज मोहरी टाकणाऱ्या आपल्या बायका-पुरुषांना तो दाणा किती लहान ते सांगावं लागत नाही.

तिसरं झटपट: लूक ११:२०. ‘मी देवाच्या बोटाने भुतं काढत असेन तर देवाचं राज्य तुमच्यावर आलं आहे.’ देवाचं बोट हे शब्द निर्गम ८:१९ मध्ये फारोचे जादूगार वापरतात. म्हणजे राज्य येणं ही मिसरच्या गुलामीतून झालेल्या सुटकेसारखी नवी सुटका आहे.

पायरी सातवी: प्रत्येक ‘पूर्ण व्हावे म्हणून’ सारखं नसतं

मत्तय वारंवार म्हणतो, संदेष्ट्याच्या द्वारे सांगितलं होतं ते पूर्ण व्हावं म्हणून असं झालं. इथे पेन्सिलीने तीन खुणा ठरवा. सरळ अपेक्षा असेल तिथे रेघ, नमुना असेल तिथे वर्तुळ, नुसती भाषा उसनी असेल तिथे टिंब.

मीखा ५:२, बेथलेहेमातून येणारा अधिपती: रेघ. होशेय ११:१, ‘मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावलं’: वर्तुळ. होशेय पुढचं सांगतच नाही, तो मागचं सांगतो. पुत्र म्हणजे इस्राएल. मत्तयाला हे ठाऊक होतं. त्याला सांगायचंय की इस्राएलाची वाट हा मुलगा पुन्हा चालतो आहे, आणि जिथे इस्राएल चुकला तिथे हा टिकतो. मत्तयाला चुकीचं उद्धरण दिल्याचा दोष देणारे आणि होशेयात बळेच भाकीत शोधणारे, दोघेही एकच चूक करतात.

यशया ७:१४ अवघड आहे, म्हणून त्याला वेळ द्या. इ.स.पू. ७३५ च्या सुमारास अराम आणि (उत्तरेचं) इस्राएल यांचे राजे यरुशलेमाचा राजा आहाज याच्यावर चालून येत आहेत. यशया त्याला चिन्ह देतो: तरुण स्त्री गर्भवती होईल, आणि मूल बरं-वाईट ओळखण्याआधी त्या दोन राजांचे देश ओस पडतील. इब्री ‘अल्मा’ म्हणजे तरुण मुलगी. ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’, कुमारी. आहाजाला सातशे वर्षांनंतरच्या जन्माचा उपयोग नव्हता, त्याला त्याच दशकात दिसणारं चिन्ह हवं होतं. मत्तय त्या चिन्हाचं नाव उचलतो, इम्मानुएल, आमच्यासंगती देव, आणि त्याचं पुस्तक संपतं तेही ‘मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे’ या शब्दांनी. मी इथे वर्तुळ करतो. रेघ करणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण आहाजाला खोलीतून बाहेर काढून हे वचन वाचू नये.

पायरी आठवी: जे अजून झालं नाही ते लपवू नका

यशया २:४ काढा: ते आपल्या तलवारी मोडून त्यांचे फाळ करतील. आजचं वर्तमानपत्र शेजारी ठेवा. ज्यू परंपरा येशूला मशीहा मानत नाही त्यामागचं हे एक प्रामाणिक आणि जड कारण आहे: मशीहाच्या दिवसांत युद्ध थांबायला हवं, आणि ते थांबलेलं नाही. हा आक्षेप ज्याला बोचला नाही त्याने संदेष्टे मनापासून वाचले नाहीत असं मी म्हणेन.

ख्रिस्ती शिकवणीचं उत्तर असं, की राज्य आलं आहे आणि यायचंही आहे. मत्तय १३ मधल्या दाखल्यांत पेरणी झाली आहे, गहू आणि निदण एकत्र वाढताहेत, कापणी पुढे आहे. पौल १ करिंथ १५ मध्ये म्हणतो, सर्व शत्रू पायांखाली येईपर्यंत ख्रिस्ताला राज्य करायचं आहे, आणि शेवटला शत्रू मृत्यू आहे. रोजच्या प्रार्थनेत आपण ‘येवो’ म्हणतो ते म्हणूनच.

या ठिकाणी महाराष्ट्राच्या वाचकाला एक जवळची वाट आहे. अलिबाग, रेवदंडा, नागाव या पट्ट्यातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या घरी नवस फेडताना, मंगलकार्यात मलीद्याचं ताट मांडतात: गोड पोहे, नारळ, फळं, आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, स्मरण करतात. मलाखीच्या शेवटच्या वचनांतला हा एलीया. मार्क ९ मध्ये शिष्य विचारतात, एलीया आधी यायला हवा ना? येशू म्हणतो, तो आला आहे, आणि लोकांनी मनात आलं ते त्याला केलं, म्हणजे योहान. एकाच ओळीवर कोकणातलं एक घर अजून वाट पाहतं आणि शेजारचं घर म्हणतं की तो येऊन गेला. दोघांचा ग्रंथ एक, आणि दोघांची बोलीही एक. आपल्याला हे वाचन ज्यांच्याकडून मिळालं त्यांचं म्हणणं आधी पुरतं ऐकावं, एवढी रीत आपण पाळलीच पाहिजे.

वेळापत्रक बनवू नका, हेही इथेच सांगतो. अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांचा हिशेब मांडला, आणि त्यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. लोकांनी कामधंदे सोडले, रात्र जागून काढली आणि सकाळ नेहमीसारखी उजाडली. मार्क १३:३२ मध्ये येशू सांगतो, त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही. प्रकटीकरण २० मधल्या सहस्र वर्षांबद्दल मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. तुमच्या मंडळीचं मत जाणून घ्या, पण सुरुवात तिथून करू नका.

सरावासाठी

शेवटची संध्याकाळ जखऱ्या ९:९-१० साठी ठेवा. आधी पहिल्या पायरीपासून सगळं करा: कोण बोलतो, कोणत्या लोकांशी, राजा कसा आहे. मग मत्तय २१ आणि योहान १२ शेजारी ठेवा. गाढवावर बसून लीन राजा येतो, हे नववं वचन दोघंही देतात. इब्री काव्यात एकच प्राणी दोनदा, वेगळ्या शब्दांत सांगितला आहे. मत्तयात गाढवी आणि शिंगरू दोन्ही येतात, ते टिपून ठेवा. मग दहाव्या वचनाकडे या. एफ्राईमातले, म्हणजे उत्तरेच्या इस्राएलातले, रथ, यरुशलेमातले घोडे, युद्धाचं धनुष्य मोडलं जाईल. तो राष्ट्रांशी शांतीचं बोलेल. त्याचं राज्य समुद्रापासून समुद्रापर्यंत. हे वचन मत्तय देत नाही, योहानही देत नाही. मोडायची पहिली शस्त्रं एफ्राईमाची आणि यरुशलेमाची, म्हणजे आपल्याच लोकांची आहेत, तेही पाहा. आता पेन्सिल घ्या आणि दहाव्या वचनापुढे कुठली खूण करायची ते ठरवा. आमच्या अभ्यासवर्गात या एका खुणेवर दोन बैठका गेल्या, आणि एका आजींनी तिथे अजून कोरी जागाच सोडली आहे.